हा हात कुणाचा?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, खुर्चीच्या टोकावर बसलीस आणि पिशवीतून त्रेचाळीस पुस्तकांची यादी काढून माझ्यापुढे धरलीस. मे महिना, पंखा गरम वारा फेकत होता, आणि तुझ्या बाह्या मनगटापर्यंत. चहाचा कप घेताना उजवी बाही जरा वर सरकली, तू ती लगेच ओढून घेतलीस. मग विचारलंस, ‘मॅडम, शरीरावरची यातली कोणती दहा आधी वाचू?’ मी ‘सवडीने सांगते’ म्हटलं. सवड नव्हती असं नाही. तोंडावर आलेलं उत्तर फार कडक होतं, म्हणून गिळलं. आज लिहिते.

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं. ‘देह हा अर्थनिर्मितीचा अवकाश आहे.’ ‘देहाच्या माध्यमातून जग उलगडत जातं.’ अशी सत्तावीस पानं. त्यातला एकही देह कुणाचा नाही. त्याला वय नाही, जात नाही, भूक नाही, पाळी नाही, त्याची पाठ कधी दुखत नाही. असा देह मी आजवर कुठे पाहिलेला नाही. म्हणून मला एकच सांगायचंय. ‘देह’ हा शब्द लिहिलास की थांबायचं आणि विचारायचं: कुणाचा? पुस्तक उघडलंस की पहिल्या पानावर विचारायचं: कुणाचा?

हा प्रश्न मी पॅरिसहून आणलेला नाही. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढ. शके १२१२ची भाषा आहे, पण नेटाने वाचलीस तर उलगडेल. शरीर म्हणजे क्षेत्र, शेत, असं म्हटल्यावर ज्ञानदेव आधी सगळ्या मतांची भांडणं मांडतात, आणि भांडण कशावरून? शेत कुणाचं यावरून. जीववादी म्हणतात जीवाचं; प्राण हे त्याचं कूळ, म्हणजे शेत कसणारा, प्राणाच्या घरी चार भाऊ अंगमेहनतीने राबतात, मन देखरेख करतं, आणि इंद्रियांचे बैल रात्री, पहाटेलाही जुंपलेले. मग प्रकृतिवादी उठतात आणि जीवाचा हक्कच खोडून काढतात. रात्री बैल जुंपत नाहीत हे ज्याला माहीत आहे त्याला इथे बैलांचा थकवा कळतो. तुझ्या यादीत ज्ञानेश्वरी नाही. का नाही, हे मला खरंच समजलं नाही.

देकार्त यादीत आहे, ठीक. मन आणि शरीर वेगळं काढलं म्हणून या फ्रेंच तत्त्वज्ञाला सगळे झोडपतात, तूही झोडपलायस, पण १६४१च्या ‘मेडिटेशन्स’मधलं सहावं चिंतन नीट वाचलेलं दिसत नाही. तिथे तोच म्हणतो की नावाडी नावेत असतो तसा मी शरीरात नुसता बसलेलो नाही. वेदना, भूक, तहान मला हे शिकवतात. मात्र त्याच्याआधी एलिझाबेथ वाच. बोहेमियाची राजकन्या, राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. १६४३ साली चोविसाव्या वर्षी तिने त्याला पत्र लिहून विचारलं की आत्मा जर निव्वळ विचार करणारी वस्तू आहे, तर तो शरीर हलवतो कसा? तिला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. दोन वर्षांनी ती अंगातल्या तापाबद्दल, कोरड्या खोकल्याबद्दल लिहिते. घरच्या जबाबदाऱ्यांतून विचाराला सवड होत नाही हे तर तिने आधीच कळवलेलं असतं. कुणाचा देह? खोकणाऱ्या, घरात अडकलेल्या, हुशार बाईचा. पाठ्यपुस्तकांत तिचा प्रश्न तेवढा येतो, खोकला गाळतात. तू गाळू नकोस.

आता मेर्लो-पाँती, शरीरातूनच जग कळतं म्हणणारा फ्रेंच तत्त्वज्ञ. इथे मला माझं सांगावं लागेल.

१९९१च्या पावसाळ्यात माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि मेर्लो-पाँतीच्या १९४५च्या ‘फिनॉमिनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन’ या जाडजूड ग्रंथावर प्रबंध लिहीत होते. भाऊ परगावी, वडील दमेकरी. आई चौदा महिने अंथरुणावर होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग उघडते. एकटीने वळवायचं तर कमरेखाली आडवी घडीची चादर लागते. पलीकडचा गुडघा दुमडायचा, चादरीची पलीकडची कड धरायची आणि खांदा-कंबर एकदम आपल्याकडे घ्यायची. नुसता हात धरून ओढलं तर लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही, गल्लीतल्या एका निवृत्त आयाबाईंनी शिकवलं.

एका पहाटे कूस बदलताना आईने उजव्या हाताच्या दोन बोटांनी स्वतःचा डावा हात उचलला आणि मला म्हणाली, ‘हा कुणाचा हात आहे गं? माझ्या अंथरुणात का ठेवलाय?’ मी म्हटलं, ‘आई, तुझाच आहे.’ ‘छे. माझ्या हातात बांगड्या असतात.’ हात सुजला म्हणून त्या बांगड्या दवाखान्यात काढल्या होत्या. मग जरा विचार करून म्हणाली, ‘माईचा असेल. तिला दे.’ माई म्हणजे माझी मावशी, ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही रुग्णांना आपलाच डावा हात आपला वाटत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. मला नव्हतं. आदल्या रात्री मी श्नायडरबद्दल लिहीत बसले होते: पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेला जर्मन सैनिक, डास चावला तर हात बरोबर त्या जागी जातो, पण ‘तुझं नाक दाखव’ म्हटलं की अडतो. हे मेर्लो-पाँतीने मानसशास्त्रज्ञ गेल्ब आणि मेंदूतज्ज्ञ गोल्डश्टाइन यांच्या अहवालांतून घेतलंय. आणि तीन फुटांवर माझी आई विचारत होती, हा हात कुणाचा.

त्या सकाळी मी सहा पानं लिहिली. आईचा हात, बांगड्या, चादर, सगळं. प्रबंधात घातली. मार्गदर्शकांनी त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आणि म्हणाले, ‘घरातलं घरात ठेवा, परीक्षकांना तत्त्वज्ञान हवंय.’ मी ती काढली. एका शब्दाने विरोध केला नाही.

तू म्हणशील, का नाही केलात? सही त्यांच्या हातात होती. माझं मानधन तासाला ठरलेलं होतं, ते बुडालं तर औषधं बुडणार होती. मला ती नोकरी हवी होती आणि ती मिळाली, आईची शेवटची औषधं त्याच आशेवर उधारीने आली. तेव्हा मी चुकले असं मला आजही सरळ म्हणवत नाही. पण तो प्रबंध मी परत कधी उघडलेला नाही. पुढे कायम झाल्यावर मुलांच्या निबंधांत ‘मानवी देह’ दिसला की मी लाल शाईने समासात ‘कुणाचा?’ लिहीत गेले, निवृत्तीपर्यंत. मुलं वैतागायची. एकाने तर माझा विषयच सोडला. मला त्याचं वाईट वाटलं, पण तो शब्द मी खोडला नाही आणि पुन्हा संधी मिळाली तरी खोडणार नाही.

म्हणून मेर्लो-पाँती वाचताना त्याच्यावर रागावू नकोस, पण त्याला सोडूही नकोस. आंधळ्याची काठी त्याच्या हाताचाच भाग होते, टोकापाशी स्पर्श कळतो, हे त्याने अप्रतिम लिहिलंय. तो आंधळा मात्र कुणीच नाही. त्याला काठी कुणी दिली, तो कुठल्या रस्त्याने चाललाय, काही कळत नाही. ती उणीव भरून काढणारी दोन माणसं लगेच वाच. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईचा १९८०चा निबंध, ‘थ्रोइंग लाइक अ गर्ल’. मुलगी चेंडू फेकते तेव्हा सगळं अंग का लावत नाही, ‘मला जमेल’च्या मागोमाग ‘मला जमणार नाही’ अंगात कसं येतं, ते ती दाखवते. आणि मार्टिनिकचा काळा मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन, ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’, १९५२. एक गोरं पोर त्याच्याकडे बोट दाखवून आईला सांगतं, बघ, काळा माणूस, मला भीती वाटते. आपण आतून जगत असलेलं शरीर त्या क्षणी बाहेरून, कातडीवरून, आपल्यावर लादलं जातं. हा भाग वाचताना तुला माझी गरज पडणार नाही.

तुझ्या बाहीकडे येते. तू ‘त्वचेचा प्रॉब्लेम’ म्हणालीस. मी कोड म्हणते, कारण स्थळं बघायला बसलेली माणसं तोच शब्द कुजबुजतात हे तुला माहीत आहे. तुझी मैत्रीण म्हणते स्वतःवर लिही, मार्गदर्शक म्हणतात स्वतःला बाहेर ठेव, आणि तू मधे. नीट ऐक. तुझं कोड प्रबंधात आलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. बाह्या वर कर असंही म्हणत नाही, तो तुझा हात आहे. पण फॅननची ओळ निवडताना, बसमध्ये शेजारची बाई पदर आवरून सरकते ते तुझ्या अंगाला आठवलं असेल, तर ते माहीत असून लिही. माहीत नसल्यासारखं लिहिलंस म्हणून तर तुझं तिसरं प्रकरण असं झालंय. मला राग येतो तो याचा. तुझ्याजवळ जे आहे ते मिळवायला मला आईच्या उशाशी बसावं लागलं होतं.

यादीतली निम्मी पुस्तकं काढून टाक. सोयराबाईचा ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ हा अभंग हाताने उतरवून काढ. विटाळ देहातच जन्मलेला असेल तर सोवळा कोण, असं ती थेट विचारते. आणि विचारणारी चोखोबांची बायको आहे, देवळाच्या पायरीखाली उभी. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घे. त्यातली बाळंतिणीची भूक वाचून झाल्यावर तुझं ‘अर्थनिर्मितीचा अवकाश’ हे वाक्य परत वाच आणि तुझं तूच ठरव. वीस वर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलेलं लिखाण आहे ते. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ घे. ऐन किशोरवयात कमरेखालचं शरीर गेलेल्या मुलीने कोल्हापुरात संस्था उभी केली, ही गोष्ट भाषणांतून नेहमी प्रेरणा म्हणून सांगतात, पण तू ती उंबरठे, संडास आणि जिने यांच्यासाठी वाच. ऑलिव्हर सॅक्स सगळ्यात शेवटी. ‘अ लेग टू स्टँड ऑन’, १९८४. नॉर्वेच्या डोंगरात बैलापासून पळताना पडला, पायाचा स्नायू तुटला, आणि हा मेंदूचा डॉक्टर पलंगावर पडून म्हणतो, हा पाय माझा नाही. आई गेल्यानंतर काही वर्षांनी मला ते पुस्तक रद्दीवाल्याकडे मिळालं. मी दुकानासमोर फूटपाथवरच बसून वाचलं. ते १९९१ला हाती असतं तर त्या पेन्सिलीच्या रेघेपुढे मी ते पुस्तक ठेवलं असतं, असं मला वाटत आलंय. ठेवलं नसतं, असंही कधी कधी वाटतं.

रविवारी सकाळी दहाला ये, तिसरं प्रकरण आणि पेन घेऊन. एकेका ‘देहा’पाशी थांबू. दुपारचं जेवण माझ्याकडेच.

सोबत त्या सहा पानांची झेरॉक्स जोडली आहे. ती पेन्सिलीची रेघ अजून दिसते. चौथ्या पानाच्या कडेला काळा डाग आलाय तो शाईचा नाही. वरणभात भरवत असताना आईने कागद माझ्या मांडीवरून ओढून घेतला होता, उजव्या हाताने.

तुझी,
मॅडम