आदेशाची प्रत आधी माग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कोरोनाच्या काळात देशात आणीबाणीच होती, असं तू लिहिलंस. घरात कोंडलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. पण वकिली करणार असशील तर कोर्टात हे कधी म्हणू नकोस. २०२० मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करण्याचा घटनेतला अनुच्छेद ३५२ वापरलाच गेला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपासून त्याला युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव लागतो. साथ त्यात बसत नाही. टाळेबंदी चालली ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर आणि मुंबईच्या प्लेगमध्ये घाईने केलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यावर. म्हणजे मूलभूत हक्क एक दिवसही तहकूब नव्हते. आपला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. तो आपणच का सोडायचा?

एस. कासी प्रकरण वाच, जून २०२० चं. पोलिसांनी मुदतीत दोषारोपपत्र दिलं नाही, की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मद्रास उच्च न्यायालयाने टाळेबंदीचं कारण देऊन तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की टाळेबंदीची तुलना आणीबाणीशी करणंच चूक. अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, तर आता खऱ्या आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. आणीबाणीतही कायद्याशिवाय माणसाचं जीवन आणि स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असं १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. एच. आर. खन्ना एकटे म्हणाले होते, ते २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने मान्य केलं. खन्नांचं ते वेगळं निकालपत्र सावकाश वाच.

मला त्याहून जवळचा वाटतो तो गुजरात मजदूर सभेचा निकाल, १ ऑक्टोबर २०२० चा. राज्य सरकारने कारखाना कायद्याचं कलम ५ वापरून कामगारांचा दिवस बारा तासांचा केला आणि जादा कामाची दुप्पट मजुरी काढून घेतली. त्या कलमातली 'सार्वजनिक आणीबाणी' म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका. साथीतली आर्थिक ओढाताण नव्हे, असं म्हणून कोर्टाने अधिसूचना रद्द केली आणि राहिलेली मजुरी द्यायला लावली. साथीचा सगळा भार घाम गाळणाऱ्यावर टाकणं मला आजही सहन होत नाही.

दुसरी बाजूही बघ. आणीबाणी जाहीर केली असती तर महिन्याभरात संसदेची मंजुरी घ्यावी लागली असती. साध्या कायद्याखालच्या आदेशांना असं बंधन नव्हतं, आणि संसद २३ मार्चला उठली ती १४ सप्टेंबरलाच परत बसली. कोर्टही उशिरा हललं. स्थलांतरित मजुरांची दखल त्याने स्वतःहून घेतली २६ मे रोजी. तोवर ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले होते. हक्क कागदावर शाबूत होते, ते मागायला माणूस पोचला नाही.

म्हणून पुढे कधी अशी वेळ आली आणि कुणी तुझ्याकडे आलं, तर भाषण तयार करू नकोस. आदेशाची प्रत माग. कोणत्या कलमाखाली, कुणाच्या सहीने, कधीपर्यंत, आणि याहून कमी जाचक उपाय होता का, एवढं पाहून त्याच दिवशी अर्ज टाक.

तुझा,
सर