घरी नीट वाजतं, मग स्टेजवर का अडतं?

गॅदरिंग आणि परीक्षा जवळ आल्या की जळगावच्या माझ्या खोलीत तेच वाक्य येतं, "मॅडम, घरी छान वाजवते, लोकांसमोर हात गार पडतात." तबला असो, पेटी असो, काळजी हीच.

अमळनेरची एक तेरा वर्षांची मुलगी आठवते (ओळखीचे तपशील बदलले आहेत). ती बीथोव्हेनचं 'फ्युर एलिझ' वाजवायची. १८१० मधली ही रचना पियानो शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्याला येतेच. दोन कार्यक्रमांत ती मधल्या, एफ मेजर या स्वरपट्टीतल्या धावत्या सुरांत अडकली, पुन्हा सुरुवातीला गेली, पुन्हा तिथेच अडकली आणि रडत खाली उतरली.

"घरी चुकलं की काय करतेस?"

"पहिल्यापासून घेते. आईच सांगते, स्वयंपाकघरातून."

गाठ इथे होती. सुरुवात तिने हजारदा वाजवली होती. अडखळून पुढे जाणं एकदाही नाही. स्टेजवर हातांना मागे जाणारी वाटच तेवढी ठाऊक होती.

"ही सुरुवातीची चाल पुढे परत येते का गं?"

तिने मनातल्या मनात पूर्ण रचना वाजवली असावी. "दोनदा येते."

"मग?"

बराच वेळ ती गप्प होती. मीही बोलले नाही. "म्हणजे मी मागे नाही गेले, तरी ती माझ्याकडे येईल."

एवढ्या वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवलेत. हे वाक्य मीही तिला सांगू शकले असते. पण दुसऱ्याने दिलेलं उत्तर घाबरलेल्या वेळी आठवत नाही. स्वतःला सापडलेलं आठवतं, हा माझा पक्का विश्वास आहे.

तिच्या आईला विचारलं, "खापरावर टाकताना पुरणाचा मांडा फाटला तर पुन्हा कणीक मळता?" त्या म्हणाल्या, "छे, घडी घालायची, पुढचा घ्यायचा." आणि थांबल्या.

पालकांनो, चुकणारा तुकडा वेगळा काढून सावकाश बसवून घ्या. रचनेत चार-पाच जागी पेन्सिलीने खुणा करा आणि रोज वेगळ्या खुणेपासून वाजवायला सांगा. दिवसातून एकदा मात्र न थांबता शेवटपर्यंत, चुकांसकट. गार हात, धडधड ही तयारीची लक्षणं आहेत, आजाराची नव्हेत. ती घालवायच्या मागे लागू नका.

पुढच्या कार्यक्रमानंतर आईंचा फोन आला. "तिथेच अडखळली मॅडम, पण थांबली नाही. मीच ओठ घट्ट मिटून बसले होते."