उंबऱ्याबाहेरची ओटी

प्रश्न : आमच्या गावच्या देवीच्या गाभाऱ्यात पुरुष सोवळं नेसून जातात. बायकांची ओटी मात्र उंबऱ्याबाहेरूनच घेतात. माझी लेक विचारते, "देवीच बाई आहे ना गं आई?" काय सांगू? (तासगाव)

उत्तर : ताई, लेकीचं बरोबर आहे, तसंच सांगा. माझी आजी वाईची. रोज कृष्णेवर अंघोळ करून फुलं वेचायची, हार गुंफायची आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायची. तिचे ते रिकामे हात मला अजून दिसतात.

महाराष्ट्रात 1956 पासून मंदिरप्रवेशाचा कायदा आहे. प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्याच आधारे 2016 मध्ये उच्च न्यायालयानं शनिशिंगणापूरच्या प्रकरणात निकाल दिला. त्याच वर्षी पाडव्याला तिथला चौथरा बायकांना खुला झाला. गाभाऱ्यात फक्त पुजारीच जात असतील, तर तो नियम सगळ्यांनाच. पण गावचे पुरुष जात असतील, तर तुम्हालाही जाता आलं पाहिजे.

"परंपरा आहे" म्हणतील. पंढरपुरात दलितांना बाहेर ठेवणारीही परंपराच होती. साने गुरुजींनी 1947 साली उपोषण करून ती मोडली.

एकट्या जाऊ नका. दोघी-चौघींना घेऊन आधी विश्वस्तांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेकीलाही सोबत न्या.