चांदी, प्रकाश आणि हायपो : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमचे नाशिकच्या सराफ बाजारात दुकान आहे. मांडलेली चांदीची भांडी काळी पडतात, तशीच फिल्ममधील चांदी काळी पडते का?

उत्तर : नाही. भांडी काळवंडतात ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे; त्यांच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो आणि तो बंद कपाटातही बसतो. कोऱ्या फिल्मवर धातुरूप चांदी नसतेच. तेथे असतात ते जिलेटिनमध्ये विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक, ज्यांत थोडे आयोडाइड मिसळलेले असते. प्रकाश पडताच ब्रोमाइड आयनातून इलेक्ट्रॉन सुटतो, स्फटिकातील एखाद्या सदोष जागी अडकतो आणि तेथे आलेल्या सिल्व्हर आयनाला चांदीचा अणू बनवतो. ही उपपत्ती गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडली.

प्रश्न : मग फोटो काढल्यावर, रोल धुण्यापूर्वी, फिल्मवर काहीच का दिसत नाही?

उत्तर : कारण प्रकाशाने केलेले काम अत्यल्प असते. एका स्फटिकात अब्जावधी सिल्व्हर आयन असतात आणि त्यांपैकी चारपाचच अणुरूप झाले तरी तो स्फटिक डेव्हलपरसाठी, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनासाठी, पुरेसा ठरतो. अशा स्फटिकांच्या समूहाला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपरमधील मेटॉल किंवा हायड्रोक्विनोन त्या अणूंपासून सुरुवात करून संपूर्ण स्फटिकाचे चांदीत रूपांतर करते, तर प्रकाश न लागलेले स्फटिक योग्य वेळेत तसेच राहतात. माझ्या मते सिल्व्हरच्या संयुगांचे खरे मोल प्रकाशाने काळे पडण्यात नसून या प्रचंड वर्धनात आहे. काळे तर सिल्व्हर क्लोराइडही नुसत्या उन्हात पडते. पण केवळ त्यावर विसंबावे लागले असते, तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना सेकंदाला अनेक चौकटी टिपणारा चलच्चित्रपट काढताच आला नसता.

प्रश्न : डार्करूममध्ये लाल दिवा कशासाठी?

उत्तर : सिल्व्हर ब्रोमाइड मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देते, म्हणून कृष्णधवल छपाईच्या कागदाला लाल दिवा चालतो. रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने ही संवेदनक्षमता वाढवता येते हे दाखवले. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल रंगही टिपते. तिला पूर्ण अंधारच हवा.

प्रश्न : आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो तपकिरी झाला आहे. तो खराब होतो आहे का?

उत्तर : तपकिरी छटा सर्वत्र सारखी असेल आणि पांढरे भाग स्वच्छ असतील, तर तो मुद्दाम सेपिया केलेला असावा, त्यात चांदीचे सल्फाइड केलेले असते आणि ते अधिक टिकाऊ असते. डाग विखुरलेले असतील आणि पांढरे भाग पिवळे पडले असतील, तर बहुधा हायपो (प्रतिमा पक्की करणारे रसायन, सोडियम थायोसल्फेट) नीट धुतला गेला नव्हता. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये हायपोचा गुण ओळखला : तो न वापरलेली सिल्व्हर संयुगे विरघळवतो. मात्र कागदात उरलेला हायपो विघटित होऊन त्यातील गंधक प्रतिमेवर चढतो, म्हणजे भांड्यांचेच दुखणे आतून सुरू होते. फोटो पाण्याने पुसू नये, लॅमिनेशन करू नये. आधी स्कॅन करून आम्लरहित पाकिटात, पावसाळी ओलीपासून दूर ठेवावा.

प्रश्न : वापरलेला हायपो मोरीत ओतावा का?

उत्तर : ओतू नये. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती जलचरांना अपायकारक ठरू शकते. तो डेव्हलपरपासून वेगळ्या डब्यात साठवावा, त्यात आम्ल किंवा ब्लीच मिसळू नये आणि स्टील वूल टाकून काही दिवस ठेवावा. लोखंड विरघळते आणि चांदी गाळाच्या रूपाने तळाशी बसते. तो गाळ चांदी शुद्ध करणाऱ्याकडे द्यावा. घरी वितळवण्याचा खटाटोप करू नये.