गर्दीने भरलेला भव्य मंडप तैलरंगात रंगवताना माणसं चिकटवल्यासारखी का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की खांब, कमानी, छत सगळं जमतं, पण गर्दी रंगवली की माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. हे माझ्याही वाट्याला आलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळासमोरच्या गरुड मंडपात बसून मी बरीच स्केचेस केली होती. त्यावरून तीन बाय चार फुटी कॅनव्हासवर लाकडी खांब आणि महिरपी महिनाभर रंगवल्या. ते वाळल्यावर माणसं काढायला घेतली, तर एकही माणूस त्या मंडपात उभा राहीना. खांब मी मांडी घालून बसून काढले होते, माणसं मात्र उभ्याने बघितल्यासारखी.

उभ्याने बघत असाल आणि जमीन सपाट असेल, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळे तुमच्या नजरेच्या रेषेवरच (तुमच्या डोळ्यांच्या उंचीच्या आडव्या रेषेवर) येतात, माणूस जवळ असो की पार टोकाला. लांब जाईल तशी त्याची फक्त पावलं वर सरकतात. खाली बसलात तर तीच रेषा उभ्या माणसाच्या कमरेजवळ येते. तेव्हा कॅनव्हासवर पहिली ही रेषा आखा. ती खालच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवली तर वर छताला जागा मिळते आणि वास्तू उंच वाटते. मग खांबाशेजारी एक माणूस उभा करून मोजा: खांब किती माणसं उंच आहे? भव्यपणा या मापातून येतो, नक्षीतून नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि माझ्या मते हीच खरी. गरुड मंडपातून संध्याकाळी महाद्वाराकडे, म्हणजे देवळाच्या पश्चिमेच्या मोठ्या दाराकडे बघा. किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात त्या दिवसांच्या आसपास सूर्य त्याच रोखाने असतो. समोरून उजेड आला की खांब आणि माणसं मिळून एकच काळसर आकार होतो; कुठे फेट्याची कड, कुठे पदराचा काठ, कुठे लहान मुलाचा कान तेवढा पेटलेला. म्हणून खांब आणि गर्दी एकाच बैठकीत, एकाच रंगात मांडा. मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) सगळ्या कॅनव्हासवर फासतो आणि ओला असतानाच फडक्याने पुसून उजेड काढतो. रॉ अंबर लवकर वाळतो, त्यामुळे पुढचं काम अडत नाही. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. खाली तेलकट आणि वर पातळ थर झाला तर पुढे भेगा पडतात.

आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटर या चित्रकारांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले होते. असा दरबाराचा पडदा लांबून बघायचा असतो. तुम्हीही दर पंधरा मिनिटांनी दहा पावलं मागे या. टोकाच्या माणसांना चेहरे देऊ नका, फेट्याचा एक ठिपका पुरतो. मधल्या घोळक्यात माणसांच्या कडा एकमेकांत आणि खांबांच्या सावलीत मिसळू द्या. नाकडोळे जवळच्या चार-पाच जणांनाच, तेही अर्धवट.

पांढऱ्याचा सगळ्यात जाड फटकारा फक्त दाराच्या उजेडासाठी राखून ठेवा आणि तो अगदी शेवटी द्या.