शिवेवरची भाषा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जगभरच्या वेगवेगळ्या इंग्रजींवर टिपण आलं होतं. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातून बरीच पत्रं आली. सगळ्या पत्रांच्या तळाशी एकच विचारणा आहे : शेजारची भाषा आपल्या भाषेत शिरते ती नेमकी कुठून आणि कशी? त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गात निम्मी मुलं घरी मराठी बोलतात, निम्मी कन्नड. इंग्रजीत मात्र दोन्हीकडची मुलं ‘ही केम यस्टरडे ओन्ली’ असंच म्हणतात. ही चूक समजायची की भारतीय इंग्रजी? मार्क कापायचे का? (शिक्षिका, खानापूर)

दोन्हीकडची मुलं एकच वाक्य बोलतात यातच उत्तर आहे. मराठीत आपण ‘कालच आला’ म्हणतो. ‘च’ ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला मागून चिकटतो. कन्नडमध्ये ‘निन्नेने बंदा’. तिथेही जोर दाखवणारा ‘ए’ शब्दाच्या मागेच येतो. मुलांनी ‘ओन्ली’ला ‘च’च्या जागी बसवलं. प्रमाण इंग्रजीत ‘ओन्ली’ सहसा आधी येतो आणि त्याचा अर्थ ‘फक्त’ असा होतो, निव्वळ जोर दाखवायला तो येत नाही. एकाच बाजूची भाषा ढकलत असती तर ही लकब शाळेत कदाचित गळून पडली असती. इथे दोन भाषा एकाच दिशेने ढकलतात, म्हणून ती टिकते, आणि म्हणूनच मुंबईपासून चेन्नईपर्यंत ऐकू येते. ‘ही इज कमिंग, इझन्ट इट?’ यामागेही असंच दुहेरी बळ आहे : आपला ‘ना?’ आणि कन्नडचा ‘अल्वा?’ कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत, मग मुलं ‘इझन्ट इट’ तरी कशाला बदलतील?

वर्गासाठी एक पद्धत सुचवतो. आठवड्याच्या वह्यांतून दहा वाक्यं निवडा. फळ्यावर तीन रकाने आखा : मुलांनी लिहिलेलं वाक्य, तेच घरच्या भाषेत, शब्दाला शब्द, आणि परीक्षेत अपेक्षित असलेलं रूप. मधला रकाना मुलांनाच भरू द्या, मराठी आणि कन्नड दोन्हींत. पंधरा मिनिटं पुरतात. जे वाक्य मधल्या रकान्यात अलगद बसतं, ते घरच्या भाषेच्या वळणावर गेलेलं आहे. तिथे ‘बोलताना चालेल, पेपरात असं लिहा’ एवढं सांगितलं की मूल समजतं. ‘ही डिडन्ट वेन्ट’ मात्र मधल्या रकान्यात बसत नाही. भूतकाळ दोनदा दाखवण्याची ही चूक इंग्रजी शिकणारा जगात कुठेही करतो. तिचा सरावच करून घ्यावा लागतो. दोन्हींना एकच लाल रेघ मारली तर मुलाला वाटतं आपलं सगळंच चुकलं, आणि ते बोलायचं बंद होतं. हे नुकसान दोन मार्कांपेक्षा फार मोठं आहे.

उच्चारांत सगळ्याच्या मागे लागू नका. ‘थिंक’मधला दंत्य थ आणि ‘टेबल’मधला ट भारतभर समजतात, बाहेरही बहुधा अडत नाहीत. अडतं ते ‘व’पाशी. आपला व इंग्रजीच्या दोन व्यंजनांच्या मधला आहे, त्यामुळे जनावरांचा ‘व्हेट’ आणि ओला ‘वेट’ एकच होऊन बसतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासत सोडायची, दुसऱ्यात ओठांचा चंबू करायचा आणि दात लावायचेच नाहीत. छोटा आरसा दिला तर मुलं हे एका तासात शिकतात. दुसरी अडचण आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर), ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. मराठीत आघाताने शब्दाची ओळख बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो दिसतच नाही. परक्या ऐकणाऱ्याचं मात्र तिथेच बिनसतं.

प्रश्न : पुण्यात शिकायला गेले तर ‘मी आलो’, ‘काय करायलाईस’ यावर सगळे हसले. आमची मराठी कन्नडमुळे बिघडली असं म्हणतात. खरं आहे का? (विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

बिघडली नाही. तिची घडण वेगळी आहे, आणि त्या घडणीला नियम आहे. तो नियम बघा. बेळगाव, चंदगड, कोल्हापूर पट्ट्यात अनेक बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. पण त्याच बायका दुसरीबद्दल बोलताना ‘ती आलो’ असं कधीच म्हणत नाहीत, ‘ती आली’च म्हणतात. म्हणजे लिंगभेद पुसला गेला तो फक्त ‘मी’पुरता. आता कन्नड बघा : ‘बंदे’ म्हणजे मी आलो किंवा आले, बोलणारा पुरुष असो की बाई. तिसऱ्याबद्दल मात्र ‘बंदनु’ आणि ‘बंदळु’ वेगवेगळे. भेद जिथे कन्नडमध्ये नाही, नेमका तिथेच तो इथल्या मराठीत मावळला आहे. गबाळेपणातून इतकी काटेकोर वाटणी होत नाही.

‘करायलोय’चंही तसंच. ‘करायला लागलोय’ आवळून ते रूप झालं. उत्तर कर्नाटकातलं ‘माडाकत्तीनि’ उकललं तर ‘माडाक हत्तीनि’ मिळतं, आणि ‘हत्तु’ म्हणजे लागणे, चिकटणे. दोन्हीकडे ‘करायला’ अधिक ‘लागणे’, आणि दोन्हीकडे अर्थ चालू क्रियेचा.

तरी नुसतं साम्य दिसलं की ‘कन्नडमुळेच’ म्हणू नये. तीन कसोट्या लावाव्यात. शिवेपासून दूर जाल तसं ते रूप विरळ होतं का? संपर्काच्या आधीच्या लिखाणात ते सापडतं का? आणि भाषेच्या आतून, शेजाऱ्याशिवाय, ते सहज घडू शकलं असतं का? ‘करायलोय’ तिसऱ्या कसोटीवर अडतं, कारण ‘लागणे’चा असा उपयोग मराठीला मुळातच परका नाही. अशा ठिकाणी शेजारची भाषा नवं काही देत नाही, आपल्याकडे असलेल्या वाटेचा रस्ता करते.

याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आपल्याच शेजारचं आहे : सांगलीजवळचं कुपवाड. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा गाव सुमारे ३,००० वस्तीचं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतर अनेकांत मराठी. आणि पुरुषमाणसं रोजच्या व्यवहारात दोन-तीन भाषा बोलणारी. पिढ्यान्‌पिढ्या असं चालल्यावर तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली. ‘कापून घेऊन आलो’, ‘काट के ले के आया’, ‘कोय्दु तगोंडु बंदे’ : शब्दावर शब्द ठेवा, सांधे जुळतात. तिथल्या मराठीत निर्जीव नामं कन्नडसारखी सरसकट नपुंसकलिंगी झाली, ‘पूर आला’चं ‘पूर आलं’ झालं. शब्द मात्र आपापलेच राहिले, कारण घरात आपण कोण हे शब्दांवरूनच कळत होतं. पुण्यातल्या मैत्रिणींना हे जरूर सांगा. आणि त्यांच्या तोंडचे अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्दही कन्नडकडून आलेले आहेत, हेही सांगा.

प्रश्न : इंग्रजीत फ्रेंच शब्द हजारोंनी आहेत, मग व्याकरण फ्रेंच का झालं नाही? आणि आयर्लंडच्या इंग्रजीत आयरिश शब्द थोडे, तरी ती इतकी वेगळी का वाटते? (निवृत्त ग्रंथपाल, निपाणी)

भाषासंपर्काचं सगळ्यात उपयोगी सूत्र तुमच्या या जोडप्रश्नातच आहे. कोण कोणाची भाषा उचलतो, यावर काय शिरणार हे ठरतं.

१०६६ नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं. ते संख्येने थोडे होते. सामान्य माणूस इंग्रजीच बोलत राहिला आणि त्याने दरबार, न्याय, लष्कर, स्वयंपाक यांतले शब्द वरून घेतले. गोठ्यातली गाय ‘काउ’ राहिली, ताटातलं तिचं मांस ‘बीफ’ झालं. आपली भाषा न सोडता परकी सामग्री घेतली की आधी नामं येतात. व्याकरण शाबूत राहतं.

आयर्लंडमध्ये उलट झालं. तिथे लोकांनी स्वतःची भाषाच सोडली, आणि १८४५च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर हे फार वेगाने झालं. नवी भाषा शिकणारा प्रौढ माणूस शब्द नवे घेतो, पण ते जुन्या साच्यात ओततो. ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर’ हे आयरिश इंग्रजी वाक्य इतरांना ‘मी जेवणाच्या मागे आहे’ असं वाटतं. त्याचा अर्थ ‘मी आत्ताच जेवलोय’. आयरिशमध्ये ‘टार एश’ म्हणजे ‘नंतर’, आणि नुकतीच झालेली क्रिया त्यानेच दाखवतात. शब्द सगळे इंग्रजी, हाडं आयरिश.

तिसरा प्रकार तुमच्या निपाणीला जवळचा आहे. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेत स्कँडिनेव्हियन लोक येऊन वसले. त्यांची आणि इंग्रजांची भाषा एकमेकांना बरीचशी समजे. राजा-प्रजा अंतर नाही. शेताला शेत लागून, लग्नसंबंध, बाजार. तिथून ‘एग’, ‘स्काय’, ‘नाइफ’ तर आलेच, पण ‘दे, देम, देअर’ ही सर्वनामंही आली. सर्वनाम कोणी सहसा उसनं घेत नाही. ते यायला दोन भाषा एकाच अंगणात नांदाव्या लागतात.

हे सूत्र हाती घेऊन आपल्या गावात कान द्या. मराठी घरात कन्नड शब्द आलेत, की कन्नड साचा आलाय? पहिलं असेल तर शेजार. दुसरं असेल तर पिढ्यांचं दुभाषीपण, किंवा मागे कधीतरी त्या घराण्याने भाषा बदललेली.

प्रश्न : ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक इंग्रजीच्या एखाद्या तरी प्रकारात आहे का? (वाचक, अथणी)

पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये आहे, आणि फार देखणा आहे. मळ्यांवर वेगवेगळ्या बेटांचे मजूर एकत्र आले, त्यांच्या कामचलाऊ इंग्रजीतून ही भाषा वाढली. आज ती तिथली एक राजभाषा आहे. शब्द बहुतेक इंग्रजी. ‘यू’ आणि ‘मी’ जोडून ‘युमि’, म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. ‘मी’ला ‘फेलो’ जोडून ‘मिपेला’, म्हणजे आम्ही, तुला सोडून. मजुरांच्या मूळ भाषांत हा भेद होता, तो त्यांना इंग्रजीत सापडेना, म्हणून त्यांनी इंग्रजीच्याच विटांनी तो बांधला.

मराठीतला हा भेद द्राविड भाषांच्या शेजाराने आला असं मानलं जातं. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. जुन्या कन्नडमध्ये तो होता, आजच्या ‘नावु’त उरलेला नाही. म्हणजे ठेव शेजाऱ्याची, आणि सांभाळली आपण.

(याच पत्रात विचारलं आहे की इंग्रजीने मराठीतून काही घेतलं का. घेतलं : ‘मंगूस’ हा आपला मुंगूस आहे.)

प्रश्न : आमच्या गावची बोली नोंदवून ठेवायची आहे. फोन आहे, उत्साह आहे. सुरुवात कशी करू? (महाविद्यालयीन गट, बेळगाव तालुका)

तीन वयोगट ठरवा : पंचविशीच्या आतले, तीस ते पन्नास, साठीच्या पुढचे. प्रत्येक गटात दोन पुरुष, दोन बायका. एकूण बारा माणसं. प्रत्येकाचं घरची भाषा, शाळेचं माध्यम, बाहेरगावी काढलेली वर्षं एवढं लिहून घ्या. बायकांचं माहेर विचारायला विसरू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो : सून चिक्कोडीकडच्या कन्नड गावातून आलेली असते आणि तिचं बोलणं आपण ‘आमच्या गावचं’ म्हणून नोंदवतो.

परवानगी आधी घ्या, ती रेकॉर्डिंगमध्येही येऊ द्या. फाइलला माणसाचं नाव नको, खूण द्या. फोनमध्ये वेव्ह (WAV) हा फाइलचा प्रकार निवडा, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते, म्हणजे अर्ध्या तासाला १६० च्या आसपास. फोन तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, खाली दुमडलेला टॉवेल. पंखा बंद. पत्र्याची खोली टाळा, आवाज घुमतो. गाद्या-कपडे असलेली खोली उत्तम. व्हॉट्‌सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज दाबला जातो आणि स-श, च-त्स यांतले बारकावे जातात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

‘तुम्ही करायलोय म्हणता का?’ असं कधीही विचारू नका. माणूस सावध होतो आणि पुस्तकी बोलतो. चालू क्रिया हवी असेल तर दाराबाहेर काय चाललंय ते सांगायला लावा. बाईंचा ‘मी आलो’ हवा असेल तर काल उठल्यापासून काय केलं ते विचारा. पहिली दहा मिनिटं औपचारिक जातात, ती जमेला धरू नका.

जोडशब्दांवर खास लक्ष ठेवा. मराठी ‘चहाबिहा’ म्हणते, कन्नड ‘ऊटा-गीटा’. पडसादासारखा येणारा दुसरा शब्द मराठीत ‘बि’ने आणि कन्नडमध्ये ‘गि’ने सुरू होतो. मग तुमच्या गावात ‘बस-बिस’ की ‘बस-गिस’? ही छोटी खूण फार बोलकी आहे. अमेरिकन इंग्रजीत ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ म्हणतात, तो ‘श्म’ पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यूंच्या यिडिशमधला.

न्यूयॉर्कवरून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबोव्ह यांची एक युक्ती. १९६२ मध्ये तीन दुकानांत फिरून त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारला, ‘फोर्थ फ्लोअर’ उत्तर आलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारलं, आणि ‘र’ उच्चारला की नाही ते आडबाजूला जाऊन टिपलं. अशी २६४ माणसं. पहिलं उत्तर सहज, दुसरं जपून दिलेलं. बेळगावच्या बाजारातल्या गणपत गल्लीत हे तुम्हालाही जमेल : ज्याच्या नावात हवा तो उच्चार आहे अशी वस्तू निवडा, दुकानदाराच्या तोंडून ते नाव दोनदा काढा, नोंद कागदावर करा. विनापरवाना रेकॉर्ड मात्र करू नका. आणि लिहून काढायला वेळ ठेवा : एका मिनिटाच्या बोलण्याला नवख्या हाताला दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून बाराच्या बारा माणसं रेकॉर्ड करण्याआधी पहिल्या दोघांचं बोलणं पूर्ण उतरवून बघा.