आमच्या कलाकेंद्रात सगळ्यांसाठी खुला दिवस ठेवायचाय, अपंग व्यक्ती आणि विशेष मुलंही यावीत अशी इच्छा आहे. कोणते कार्यक्रम ठेवावेत?

कार्यक्रमांचं नंतर बघा. आधी एक खोली रिकामी ठेवा, गोंगाट असह्य झाला की शांत बसायला, आणि तिची किल्ली अशा माणसाकडे द्या जो ती दिवसभर दुसऱ्या कशासाठीही कुणालाही देणार नाही, अगदी अध्यक्षांनी मागितली तरी. एवढं ठासून का सांगतेय ते वाचा.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, तेव्हा नऊ वर्षांचा होता. एका कलाकेंद्राने असाच खुला दिवस ठेवला होता, पत्रकावर 'सर्वांचे स्वागत' आणि खाली 'शांत खोलीची सोय आहे'. त्या खालच्या ओळीसाठी आम्ही गेलो. आठवडाभर आधी मी फोन करून विचारलंसुद्धा होतं, खोली कुठेय, किती वाजेपर्यंत उघडी असेल, आतले फोटो पाठवाल का. त्यांनी पाठवले. ते क्रमाने लावून मी त्याला रोज दाखवायचे, आधी हे गेट, मग हा जिना, मग माती, मग घरी. नवी जागा त्याला चालते, फक्त ती अचानक समोर यायला नको.

आणि सुरुवात इतकी छान झाली की काय सांगू. मातीकामाच्या टेबलावर ज्या बाई होत्या त्यांनी त्याला काही बनवायला सांगितलंच नाही, नुसता गोळा पुढे ठेवला आणि आपलं काम करत बसल्या. त्याने बोटाने भोकं पाडायला सुरुवात केली, एक ओळ, मग दुसरी, मोजून. कुणी 'हे काय बनवलंस' विचारलं नाही, कुणी फोटो काढला नाही. मी शेजारी बसून नुसती बघत होते, कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल झाले होते.

मग शेजारच्या हॉलमध्ये तालवाद्यांची कार्यशाळा सुरू झाली. वेळापत्रकात ती दुपारी होती, पण पाहुणे लवकर निघणार म्हणून अलीकडे घेतली आणि बाहेर कुणालाच सांगितलं नाही. त्यात माइक शिट्टी मारायला लागला. हा कान दाबून टेबलाखाली. मी त्याला कसाबसा उचलून शांत खोलीपाशी नेला तर दारात स्वयंसेवक उभा, म्हणे आत पाहुणे बसलेत, दहा मिनिटं थांबता का. त्या पोराची चूक नव्हती, त्याला तसंच सांगून ठेवलेलं. दुसरी बंद जागा म्हणजे टॉयलेट, तिथे गेलो, तर कुणीतरी हात सुकवायचं मशीन चालू केलं. पुढचं लिहीत नाही. तो जमिनीवर पडून ओरडत होता, लोक गोळा झाले होते आणि नेमकी तेव्हाच माझी ताई तिथे पोचली.

घरी जाताना म्हणाली, "तरी मी सांगत होते, त्याला अशा ठिकाणी न्यायचंच नाही. त्यालाही त्रास आणि लोकांनाही." आयोजकांचा नंतर फोन आला, आमचा हेतू चांगला होता म्हणाले. मी हेतूबद्दल विचारतच नव्हते, मला किल्लीचं उत्तर हवं होतं.

म्हणून सांगते, वेळापत्रक छापलंत की ते पाळा, कुठे किती वाजता मोठा आवाज असेल ते त्यावरच लिहा. नाटक किंवा गाणं ठेवणार असाल तर एक प्रयोग रिलॅक्स्ड ठेवा, म्हणजे दिवे पूर्ण न घालवता, आवाज कमी करून, दार उघडं ठेवून, मध्येच कुणी उठलं बोललं तरी कुणी वळून बघणार नाही असा. स्ट्रोब लाइट नकोच, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या प्रकाशाने काही जणांना फिट येऊ शकते. उद्घाटनाची भाषणं कमी करा, माझ्या मते रद्दच करा. कार्यक्रम म्हणाल तर माती, रंग, कापड, ज्यात हात घालता येतो आणि 'शेवटी काय झालं' असं कुणी विचारत नाही असं काहीही चालेल.

ताईचं दुसरं म्हणणं असायचं की कलाबिला नंतर, आधी शाळा आणि थेरपी. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार आहे, 2006 चा, त्यातलं 30 वं कलम अख्खं सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि खेळ यांत भाग घेण्याबद्दल आहे. 'नंतर' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आता हे सगळं मी ऑटिझमच्या बाजूने बोलतेय हे लक्षात घ्या. व्हीलचेअरवाल्यांचं त्यांनाच विचारा, दिवस ठरवायच्या आधी विचारा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. मला एवढं ठाऊक आहे की रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे 15 सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर जवळपास साडेपाच मीटर, पायऱ्यांवर फळी टाकून भागत नाही. चार जणांनी खुर्ची उचलून वर नेणं ही सोय नव्हे. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन बोलवा, ते साधारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. आणि ज्यांना उतारवयात ऐकू येईनासं होतं त्यांना बहुतेकदा ती भाषा येत नाही, त्यांच्यासाठी पडद्यावर मजकूर हवा.

आणि ताई, तू वाचत असशील तर, त्या दिवशी तो मातीच्या टेबलावर पाऊण तास बसला होता. तू आलीस ती त्यानंतर.